कांग्याच्या काठाचं परकर-पोलकं

टांझानियातल्या दार-ए-सलाममध्ये राहायला आल्यापासून इथल्या कापडांवरून माझी नजर हलत नाही, आणि शिवण येत असलेल्या कुठल्याही बाईचं इथे तेच होईल असं मला वाटतं. रस्त्यावर, डालाडालात म्हणजे इथल्या मिनीबसमध्ये, बाजारात, मशिदीबाहेर, दवाखान्याच्या रांगेत, सगळीकडे कांगा दिसतो. कमरेला एक, डोक्या-खांद्यावरून एक, पाठीवर बाळ बांधायला एक, स्वयंपाक करताना कपड्यांवरून गुंडाळायला जुना एक. बाळ जन्मलं की कांगा, लग्नात कांगा, कोणी गेलं तरी कांगा. आणि या कापडाला चारही बाजूंनी काठ असतो. काठ दिसला की मराठी बाईच्या डोक्यात काय येणार, परकर-पोलकंच येणार ना. पाडव्याला इथली मराठी मंडळी जमतात, लेक सात वर्षांची, तिला इथल्याच कापडाचं परकर-पोलकं शिवायचं असं मी ठरवलं. ते कसं शिवलं ते सविस्तर लिहितेय, कारण मी शिवायला बसले तेव्हा मला असं काही लिहिलेलं कुठे मिळालं नव्हतं.

आधी एक सांगते. आफ्रिकन कापड वापरलं म्हणून कुर्त्याच्या गळ्याला एक रंगीत पट्टी लावलेली मी खूप पाहिलीये, ती छानही दिसते, पण त्यात त्या कापडाचं काही राहत नाही, नुसता रंग राहतो. कांग्याची स्वतःची एक मांडणी असते. साधारण दीडशे सेंटिमीटर लांब आणि एकशेदहा रुंद असं एक कापड, चारी बाजूंना काठ, त्याला पिंडो म्हणतात, मधला भाग म्हणजे मजी, आणि मधल्या भागात खालच्या लांब काठाच्या जरा वर एक ओळ छापलेली असते, ती जिना. ती ओळ म्हणजे म्हण, आशीर्वाद, प्रेमाचं काहीतरी, कधी शेजारणीला मारलेला टोमणासुद्धा. बायका कांगा घेताना नक्षीइतकीच ती ओळ बघून घेतात. हे सगळं मोडून तोडून फक्त कापड म्हणून वापरायचं असेल तर मग कांगा घ्यायचाच कशाला. मला परकर परकरासारखाच हवा होता आणि कांगा कांगा म्हणून ओळखू यायला हवा होता, म्हणजे कुठल्याही स्वाहिली बाईने लेकीकडे बघून ती ओळ वाचायला मान वळवली पाहिजे.

कांगे विकले जातात जोडीने, जोडीला डोटी म्हणतात, आणि ती जोडी न कापलेली एकसलग मिळते, मग ती मधून कापून कडा दुमडून शिवून घ्यायच्या. दार-ए-सलाममध्ये कांग्यांसाठी उहुरू स्ट्रीट, करियाकू बाजाराच्या बाजूला. एका ओळीत कांग्यांचीच दुकानं, वरपासून खालपर्यंत लटकवलेले कांगे, दुकानदारांमध्ये गुजराती भाषिकही बरेच. इथे मी कापड निवडायला खूप वेळ लावला आणि तो लावायलाच हवा. पुष्कळ कांग्यांमध्ये मधोमध एक मोठं गोल किंवा फुलांचा गुच्छ असतो आणि चार कोपऱ्यांना त्याचेच तुकडे. अंगावर गुंडाळल्यावर ते सुंदर दिसतं पण बेतायला घेतलं की तो गुच्छ बरोबर परकराच्या वरच्या चुण्यांत जाऊन गायब होतो. म्हणून मजीभर सारखी पसरलेली बारीक नक्षी शोधली. त्यातही उलटसुलट कशीही धरली तरी चालेल अशी, कारण पुढे पोलक्याचे भाग मला उलटे काढायचे होते, ते कसं ते सांगते. शेवटी कोरोशोची नक्षी मिळाली, कोरोशो म्हणजे काजू. कांग्यावरची ही खूप जुनी आणि लाडकी नक्षी आहे, आणि हुबेहूब आपली कोयरी! इरकलीच्या परकराशेजारी ठेवला तरी परका वाटणार नाही असा गडद लाल, काळा आणि पांढरा.

ओळीसाठी दुकानातल्या बाईंनीच मदत केली. मी सांगितलं की लहान मुलीसाठी हवाय, तर त्यांनी माझ्या हातातले दोन कांगे न बोलता बाजूला काढून ठेवले, त्यावर बायकांमधल्या भांडणातलं काहीतरी होतं. आणि "वेमा हाउओझी" लिहिलेला पुढे केला, भलेपणा कधी कुजत नाही असा अर्थ. लगेच घेतला. कोणालाही सांगेन की भाषा येत नसेल तर ओळ वाचून घेतल्याशिवाय कांगा मुलांसाठी कापू नका.

घरी आल्यावर पहिलं काम धुणं. नवा कांगा खळीमुळे कडक असतो आणि लाल रंग तर हमखास सुटतो. शेजारच्या बीबी, वयाने माझ्या आजीएवढ्या, त्यांना रोज शिकामू म्हणून नमस्कार केल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही, त्या म्हणाल्या गार पाण्यात एकटाच भिजव, चोळू नको, पाणी स्वच्छ येईपर्यंत बदलत राहा. तसंच केलं. पाडवा म्हणजे इथला मासिका, मार्च ते मेच्या मोठ्या पावसाचा मोसम, त्यामुळे वाळायला वेळ लागला आणि दमटपणाचा वास राहू नये म्हणून पंख्याखाली टांगला. वाळल्यावर उलट्या बाजूने इस्त्री करून परत मोजला तर १४७ बाय १०७ भरला. तीन सेंटिमीटर म्हणजे ऐकायला काही नाही, पण इथे सगळा हिशेब इतका काटेकोर आहे की न धुता कापला असता तर पोलकं आखूड झालं असतं.

मी कापण्याआधी बीबींना विचारलं की कांग्याला कात्री लावलेली चालेल ना. म्हणजे घरात आलेलं कापड माझं, पण त्यांच्याकडे ते कसं बघतात ते मला माहीत करून घ्यायचं होतं. त्या म्हणाल्या जोडीतला एक आपल्याकडे ठेवून दुसरा मैत्रिणीला देतात, जुना झाला की लंगोट करतात, कापायला हरकत नाही, फक्त जिना मधून तोडू नकोस. हे मी नियमासारखंच धरलं.

आता बेतणं. ज्यांना शिवण येतं त्यांनी कागदावर चौकोन काढून बघा म्हणजे लगेच कळेल. कांगा आडवा धरायचा, म्हणजे दीडशेची बाजू आडवी, ओळ असलेला काठ खाली. माझ्या कांग्याला लांब बाजूचे काठ चार इंची आणि आखूड बाजूचे साडेपाच इंची होते. पहिल्यांदा दोन्ही कांग्यांचे आखूड बाजूंचे काठ उभे कापून वेगळे काढले, चार पट्ट्या निघाल्या, त्या जपून ठेवायच्या. उरलं ११९ सेंटिमीटर रुंदीचं कापड, दोन नग. आता परकराची उंची. लेकीची कमरेपासून घोट्याच्या वरपर्यंत २६ इंच, त्यात वरचा दाब, खालची दुमड, आणि वाढीसाठी, म्हणजे नंतर उसवून उंची वाढवायला, एक इंची टीपघडी म्हणजे दोन इंच कापड, असं सगळं धरून खालून ७५ सेंटिमीटरवर आडवं कापलं. खालचा तुकडा परकराचा, त्याला तळाला काठ, काठाच्या वर ओळ. वर उरला ३२ सेंटिमीटरचा पट्टा आणि त्याच्या वरच्या कडेला दुसरा लांब काठ. हा पट्टा उलटा फिरवायचा! काठ खाली आला आणि पोलक्याचा घेर तयार झाला, काठासकट. यासाठीच मला उलटसुलट चालणारी कोयरी हवी होती.

हे जमलंय हे कागदावर दिसलं तेव्हा मला खरंच खूप आनंद झाला. दीड मीटरचं ते माप ठरवताना आपल्या पोलक्याचा विचार कोणीच केला नसणार, तरी एका जोडीत सात वर्षांच्या मुलीचं अख्खं परकर-पोलकं बसतं, काठ जिथे हवा तिथे येतो आणि हातात उरतात मूठभर चिंध्या. पहिल्या पट्ट्यातून पोलक्याची पाठ आणि पुढचे दोन भाग, दुसऱ्या पट्ट्यातून दोन्ही बाह्या, त्याही काठ खाली ठेवून, आणि उरलेल्यातून गळ्याची औरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी आणि काखेतले चौकोनी ठिगळासारखे तुकडे. हे काखेतले तुकडे हल्लीच्या रेडिमेड पोलक्यांत कोणी घालत नाही, पण त्यांनीच हात मोकळा वर होतो आणि शिवण उसवत नाही. माझ्या आजीच्या हातच्या प्रत्येक पोलक्यात ते असायचे, म्हणून मी घातलेच. उंची खांद्यापासून साडेअकरा इंच भरली, म्हणजे कमरेपर्यंतच. त्याहून लांब हवं असेल तर बाजूची एखादी पट्टी जोडता येईल, पण मला कमरेपर्यंतचंच आवडतं.

अस्तराशिवाय मात्र भागणार नाही. कांगा पातळ असतो, एकाच बाजूने छापलेला, आणि उजेडात पाय दिसतात. त्यासाठी मी साधं न धुवट कोरं सुती कापड घेतलं, आपलं मांजरपाट, इथे त्याला मेरिकानी म्हणतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या सेलम बंदरातून हे कापड जहाजांनी झांझिबारला यायचं आणि आतपर्यंत जवळजवळ पैशांसारखं चालायचं. मग १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, पुरवठा आटला, आणि पुढच्या काळात मुंबईच्या गिरण्यांचं कापड याच किनाऱ्यावर उतरायला लागलं. माझे आजोबा लालबागला गिरणीत साच्यावर होते, त्यांच्या कितीतरी आधीची ही गोष्ट, पण मेरिकानीचा तागा हातात घेतला तेव्हा मला ते आठवलेच आठवले. कांग्याचंही तसंच आहे. बायका आधी रुमालांचं छापील कापड लांबीत घ्यायच्या, त्यातले सहा चौकोन कापून तीन-तीनच्या दोन ओळी जोडून अंगावर घ्यायच्या, म्हणून केनियात अजून त्याला लेसो, म्हणजे रुमाल, म्हणतात. नंतर एकसंध छापील कापड आलं. मोंबासातले भारतीय वंशाचे व्यापारी कादरदिना हाजी एसाक यांचं दुकान १८८७ पासूनचं, 'माली या अब्दुल्ला' ही त्यांची खूण कांग्यावर छापलेली असते, आणि कांग्यावर ओळ छापायची पद्धत त्यांनीच रुळवली असं सांगतात. आजही इथे विकले जाणारे बरेच कांगे आणि किटेंगे (हे इथलं दुसरं छापील कापड, त्याबद्दल पुढे सांगते) भारतात छापून येतात, गुजरातेतल्या जेतपूरला हा मोठा धंदा आहे. तेव्हा भारत आणि हे कापड यांची गाठ मी घालतेय असं काही नाही, ती दीडशे वर्षं आहेच.

शिवायला मी आमच्या गल्लीतल्या फुंडींच्या ओट्यावर गेले. फुंडी म्हणजे कारागीर, शिंप्यालाही तेच म्हणतात. माझ्याकडे मशीन आहे, पण वीज जाते, आणि त्यांचं पायमशीन आहे, शिवाय त्यांचा हात मला बघायचा होता. ओट्यावर दोन मशीन, भिंतीवर मिशोनोचे, म्हणजे वेगवेगळ्या फॅशनच्या कपड्यांचे फोटो, बायका फोनवरचा फोटो दाखवतात आणि ते नुसतं बघून, चार मापं घेऊन, कागद न वापरता थेट कापडावर खडूने आखतात. अगदी आपल्याकडच्या जुन्या शिंप्यांची पद्धत. मी कागदाचं कटिंग काढून नेलं होतं ते त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं आणि काखेतल्या चौकोनावर बोट ठेवून हे कशाला असं विचारलं. मी हात वर करून दाखवला. त्यांना ते इतकं पटलं की दोन दिवसांनी गेले तर त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या शाळेच्या शर्टात तसा तुकडा घालून बघितला होता.

त्यांच्याकडूनही मी शिकले. परकराचे दोन तुकडे जोडताना मी साधी टीप मारून कडा दोऱ्याने वेढून घेणार होते. ते म्हणाले कांग्याचे धागे लवकर सुटतात, आधी सुलट बाजूने बारीक टीप मार, दाब कापून टाक, मग उलटून दुसरी टीप मार म्हणजे कडा आतच बंद होते. पावसात सतत धुतलं जाणारं कापड, त्याला हीच शिवण हवी. दुसरं, जोडावर नक्षी जुळवायला त्यांनी टाचण्या न लावता लांब टाक्यांचा धावदोरा घातला, काठ आधी जुळवला आणि तिथून वर वर गेले. तळाचा काठ एका रेषेत आला की वरची कोयरी अर्धा सूत इकडेतिकडे झाली तरी चुण्यांत दिसत नाही. मी आयुष्यभर वरून खाली जोडत आलेय, आता नाही जोडणार.

एका ठिकाणी आमचं जमलं नाही. त्यांना बाजूच्या उभ्या पट्ट्या परकरातच ठेवायच्या होत्या, म्हणजे दोन्ही बाजूंना उभा काठ खाली येणार, इथल्या स्कर्टना असं करतात आणि ते ऐटदारही दिसतं. पण परकराचा काठ तळाशी गोल फिरला पाहिजे, मध्ये उभं काही आलं की तो स्कर्ट होतो. यावर मी हटले नाही. त्या पट्ट्यांपैकी एकीतून कमरेचा पट्टा काढला, एकीतून नाडी, आणि दोन उरल्या.

घेर जोडून साधारण ९२ इंच झाला, कमर २२, म्हणजे चौपट, भरपूर चुण्या बसतात. खळ धुतली गेल्यावर कांगा मऊ पडतो आणि चुण्या फुगत नाहीत, खाली पडतात. खणाच्या किंवा इरकली परकरासारखा ताठ घेर हवा असेल तर तो कांग्यात मिळणार नाही, मेरिकानीच्या अस्तराने थोडा आधार मिळतो इतकंच. वाढीची टीपघडी कुठे घालायची हा विचार करावा लागला. नेहमी मी ती काठाच्या लगेच वर घालते म्हणजे शोभते, पण इथे काठाच्या वर ओळ आहे, म्हणून ओळीच्या वर चार बोटं जागा सोडून घातली. ओळ दोन कांग्यांची, म्हणजे परकरावर दोनदा येते, एकदा पुढे एकदा मागे, जोड बरोबर दोन्ही कुशींना ठेवले तर. उभं राहिल्यावर अक्षरं चुण्यांमध्ये थोडी दडतात आणि गिरकी घेतली की पूर्ण वाचता येतात. लेकीने घातल्याबरोबर तेच केलं, आणि बीबींनी दारातून मोठ्याने ती ओळ वाचली.

पाडव्याला बाकीच्या आयांनी गराडा घातला आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच की नऊवारी होईल का याची. तर कांग्याची नाही, तुकडे फार जोडावे लागतील आणि प्रत्येक ठिकाणी काठ आडवा येईल. किटेंग्याची होते. किटेंगे म्हणजे पश्चिम आफ्रिकेत ज्याला वॅक्स प्रिंट म्हणतात ते कापड, मूळ कल्पना जावा बेटावरच्या बाटिकची, डच कारखान्यांनी ती यंत्रावर आणली, हेल्मंडची व्लिस्को कंपनी १८४६ पासूनची आहे आणि अजून चालू आहे. खऱ्या वॅक्सची ओळख म्हणजे मेणासारखं राळेचं छापण दोन्ही बाजूंनी होतं, त्यामुळे उलट-सुलट रंग सारखाच. नऊवारीला हे फार उपयोगी, कारण काष्ट्यात आणि निऱ्यांमध्ये उलटी बाजू दिसतेच. बाजारात त्या नावाने एका बाजूने छापलेलं, पॉलिस्टर मिसळलेलं पुष्कळ मिळतं, तेव्हा मागची बाजू बघूनच घ्या. पण किटेंगे मिळतं सहा वारांचं, नऊवारीला दीड नग लागतो, जोड काष्ट्याच्या आत लपवायचा, आणि काठ नसल्यामुळे तो वेगळा लावावा लागतो. मी एका मैत्रिणीसाठी शिवलेली नऊवारी करून दिली. ती छान दिसते पण जड आहे आणि दार-ए-सलामच्या उकाड्यात तासाभराच्या वर घालवत नाही. किटेंग्याचं बंडी किंवा खणाच्या साडीवरचं ब्लाउज करावं, त्याच्या कडकपणाला ते शोभतं, असं माझं मत झालंय.

ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी, आठ-नऊ वर्षांच्या पुढच्या मुलीला एक जोडी पुरणार नाही, दोन घ्या आणि दोन्हींवरची ओळ एकच आहे ना ते बघा. काठ लांब बाजूला पाच इंचांपेक्षा मोठा नको, नाहीतर पोलकं निम्मं काठानेच भरतं. लाल असेल तर पहिले काही धुणं वेगळंच. उरलेल्या दोन पट्ट्यांपैकी एक मी फुंडींना दिली, त्यांनी त्यातून त्यांच्या नातीच्या फ्रॉकच्या बाह्या केल्या, आणि पोलक्याचं कागदी कटिंग त्यांच्याकडेच आहे, कारण बीबींच्या पणतीसाठी ईदला तसंच एक शिवायचं ठरलंय, यावेळी निळ्या कांग्याचं, आणि ओळ बीबी स्वतः निवडणार आहेत.